वाड्यावर ग्रुपने राहायला येताय? मग आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो जो व्हॉट्सअॅपवर "मी बघतो रे" असं लिहून मोकळा होतो आणि मग पुढचे दोन महिने पंचवीस जणांचे प्रश्न त्याच्या डोक्यावर. हे सगळं त्या एका माणसासाठी आहे. (बऱ्याचदा ती बाईच असते, पण असो.) फोनवर रोज तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं टाईप करून ठेवतेय. मी या घरची धाकटी सून, डोंबिवलीच्या वन बीएचकेमधून लग्न होऊन थेट या वाड्यात आले, त्यामुळे पहिल्या दिवशी तुम्हाला काय काय खटकणार आहे हे मला तोंडपाठ आहे.

वाडा नक्की कुठे आहे? यायचं कसं?

दिंडोरी तालुक्यात, नाशिक शहरातून गाडीने पाऊण तास. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा, टोमॅटो, थोडा ऊस. लोकेशन बुकिंग झाल्यावर पाठवते, कारण आधी पाठवलं की रविवारी लोक "नुसतं बघायला" येतात आणि सासूबाई त्यांना चहा केल्याशिवाय सोडत नाहीत.

मुंबईहून नाशिक १७० किलोमीटरच्या आसपास, पण शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, भिवंडीतच दीड तास जाऊ शकतो. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमणे (भिवंडीजवळ) ते इगतपुरी टप्पा सुरू झालाय, त्याने कसारा घाट टळतो आणि पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो, लहान पोरं त्यात ओरडून घेतात. बाइकवाल्यांनी मात्र जुन्याच रस्त्याने यायचं, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. पुण्याहून २१० किलोमीटर, चाकणचं ट्रॅफिक पार झालं की अर्धं काम झालं समजा. ट्रेनने आलात तर नाशिकरोडला उतरा, आणि नाशिकरोड म्हणजे नाशिकचं मध्य नव्हे, तिथून शहर आठ-नऊ किलोमीटर आणि मग पुढे आमचा रस्ता. ग्रुप मोठा असेल तर तिथूनच टेम्पो ट्रॅव्हलर करा, चार रिक्षांत सामान विभागलं की एक बॅग हमखास चुकीच्या रिक्षात जाते.

वाडा पेशवेकालीन आहे ना?

नाही हो. माजघराच्या मधल्या तुळईवर शके १८०६ कोरलंय, शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १८८४. पेशवाई संपली १८१८ ला. "पेशवेकालीन" लिहिलं की भाडं हजार-दोन हजाराने चढवता येतं हे मलाही कळतं, पण तुळईवर आकडा आहे आणि पाहुण्यांना वाचता येतं. घर धान्याच्या व्यापारावर बांधलेलं, म्हणून राहायच्या खोल्यांपेक्षा बळदं (धान्य साठवायच्या भिंतीतल्या पोकळ्या) आणि कोठारं जास्त. सरदार वगैरे कोणी नव्हतं. हत्ती नव्हता. बैल होते.

किती रूम आहेत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि याचं उत्तर ऐकून सगळ्यात जास्त फोन कट होतात. जुनी घरं रूमवर मोजत नसत, खणांवर मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दिंडी दरवाजातून आत आलात की देवडी (पहारेकऱ्यांची बसायची जागा), मग उघडा चौक, मधे तुळशी वृंदावन, चारही बाजूंनी ओसरी, समोर माजघर, त्याच्या आत देवघर आणि स्वयंपाकघर, आणि वर माडी. हे घर तीस माणसांच्या एकत्र कुटुंबासाठी बांधलेलं, त्यात "माझी रूम" असं कुणाचंच काही नसायचं.

आता तुमच्या भाषेत सांगते. दार लावून घेता येईल अशा पाच खोल्या, त्यात तेरा जण. बाकी पंधरा जण माडीच्या लांब दालनात आणि माजघरात गाद्या टाकून. एकूण अठ्ठावीस. त्याच्या वर एकही नाही, "अॅडजस्ट करू" म्हणालात तरी नाही.

मग कोणी कुठे झोपायचं? आमच्याकडे यावरूनच भांडणं होतात.

सगळ्यांकडे होतात. मागे एक ग्रुप आला होता, चार चुलत भाऊ आणि त्यांच्या बायका-मुलं, गाडीतून उतरायच्या आधी एका भावजयीने माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ओढणी टाकून जागा धरली, एसटीत रुमाल टाकतात तशी, आणि दोन दिवस दुसरी तिच्याशी बोलली नाही. माझं ऐकाल तर घरून निघायच्या आधीच ठरवून ग्रुपवर टाका. खालची खोली आजी-आजोबांना, तिला जोडून संडास आहे, त्यात चर्चा नको. तान्हं बाळ असेल त्यांना दुसरी खालची. उरलेल्या तीन खोल्यांच्या चिठ्ठ्या काढा, लहान पोराच्या हाताने. घोरणारे सगळे माजघरात, कारण तिथल्या भिंती सगळ्यात जाड. कोण घोरतं ते त्यांच्या बायकांना विचारा, त्यांना स्वतःला विचारू नका.

आणि एक आतली गोष्ट. सगळे माडीकडे धावतात पण सगळ्यात भारी खोली खाली आहे, बाळंतिणीची खोली. खिडकी नाही, वरती एक वीतभर झरोका, आणि बाजेजवळच्या भिंतीत पणतीची देवळी, तिच्यावरची काजळी कितीही पुसली तरी जात नाही. आमचे सासरे याच खोलीत जन्मले, त्यांची सगळी भावंडंही. दुपारी दोन वाजता तिथे पहाटेसारखा अंधार असतो. एकदा एक आयटीवाला मुलगा तिथे शनिवारी रात्री झोपला तो रविवारी जेवणाची पानं मांडली तेव्हा उठला.

अटॅच्ड बाथरूम आहेत का?

एका खोलीला आहे, वर सांगितलं ती. बाकी सहा संडास आणि पाच न्हाणीघरं मागच्या बाजूला, जिथे आधी गोठा होता तिथे बांधलीत. मागच्या दारापासून वीस पावलं, वर पत्रा आहे त्यामुळे पावसात भिजत नाही. सहापैकी चार कमोड, दोन देशी.

"एवढं सगळं केलं तर आत दोन बाथरूम काढायला काय झालं" असं निम्मे लोक विचारतात. झालं असं की भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत आणि सांगाडा सागाचा. भिंतीत एकदा पाणी मुरलं की आतला लाकडी खांब कुजायला लागतो, बाहेरून काही दिसत नाही आणि वाळवीला आमंत्रण ते वेगळंच. जुन्या लोकांनी ओलं काम घराबाहेर ठेवलं ते उगाच नाही.

सकाळचं गणित करून ठेवा. अठ्ठावीस माणसं, पाच न्हाणीघरं, माणशी बारा मिनिटं, म्हणजे सव्वा तास, आणि हे कोणी आत जाऊन मोबाईल बघत बसलं नाही तर. सप्तशृंगी गडावर पहाटे निघायचं असेल तर अर्ध्यांनी रात्रीच आंघोळ उरका.

गरम पाणी २४ तास?

दोन गिझर आहेत आणि दोन तांब्याचे बंब. बंबात आम्ही द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळतो, इथे त्यांचा ढीगच असतो, अर्ध्या तासात पाणी कडकडीत. बंब पेटवायला आमचा गडी पाच वाजता येतो. पाहुण्यांपैकी एखादे काका कायम सांगतात मी पेटवतो, लहानपणी खूप पेटवलाय. पेटवू द्या. पण आधी बंबात पाणी भरलंय का ते बघा, रिकामा बंब पेटवला की तळाचा झाळ सुटतो, आमचा एक असाच गेलाय.

लाईट जातात का? एसी आहे का?

जातात. इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि चार्जिंग चालतं. एसी नाही.

भिंती अडीच फूट जाड आहेत, दिवसभर ऊन पीत बसतात आणि ती उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळे बाहेर चाळीस डिग्री असताना माजघरात पंख्याखाली मस्त झोप लागते. उलटं रात्री होतं, बाहेर गार वारं आणि आत भिंती ऊब सोडतायत. म्हणून एप्रिल-मे मधे घरातले सगळे चौकात बाजा टाकून झोपायचे, तुम्हीही तेच करा, मच्छरदाण्या देतो.

वायरिंग नवीन आहे पण लोड मर्यादित. एक गिझर दोन हजार वॅट, हेअर ड्रायर हजार-दीड हजार, इस्त्री हजार. एका साखरपुड्याला माडीवर पाच ड्रायर आणि एक स्ट्रेटनर एकदम लागले, खाली दोन्ही गिझर चालू, एमसीबी पडला आणि पाच जणी अर्ध्या ओल्या केसांनी अंधारात. एका वेळी एकच ड्रायर लावा, तेवढं एक पाळा.

जेवणाचं काय? आम्ही स्वतः करू शकतो का?

करू शकता, आणि गावातल्या दोघी वहिनी आहेत त्या पण करून देतात. माझं मत विचाराल तर पहिल्या रात्रीचं जेवण वहिनींना सांगा. सगळे प्रवासाने पेकाटलेले असतात, कोणी तरी भाजी चिरायला बसायला लागतं आणि ते कोणी म्हणजे नेहमीच्याच तिघीजणी. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, किंवा शेवभाजी. सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ पापडासकट, नाशिकला येऊन मिसळ नाही खाल्ली असं होऊ नये. हिवाळ्यात ज्वारी तयार असेल तर हुरडा, पण तो वावरातल्या पिकावर आहे, माझ्यावर नाही.

स्वतः करणार असाल तर सामानाचा अंदाज देते कारण दर वेळी एकतर पाच किलो पोहे उरतात किंवा दूध संपतं. पंचवीस माणसांना: पोहे दोन किलो, मिसळीला कोरडी मटकी सव्वा किलो (भिजून मोड आले की दुपटीच्या वर होते, घाबरू नका), एका वेळच्या चहाला दीड लिटर दूध, आणि चहा चार वेळा होतो हे लक्षात ठेवा. मोठी पातेली, परात, पाटा-वरवंटा, मिक्सर सगळं आहे. गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर आहे, पैसे वेगळे लागत नाहीत. कांदा विकत आणू नका. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे कांद्याची पिशवी घेऊन येणाऱ्या पाहुण्याला आमचे सासरे दोन दिवस हसतात.

नॉनव्हेज चालेल?

चालेल पण आतल्या स्वयंपाकघरात नाही, ते देवघराला लागून आहे. मागच्या पडवीत दोन चुली आणि एक गॅसची शेगडी आहे, भांडी पण वेगळी, तिथे खुशाल मटण शिजवा आणि तिथेच पंगत मांडा. चुलीवरच्या रश्शाचा वास आला की आमचे मोठे दीर काहीतरी कारण काढून चक्कर मारतात, त्यांना वाटीभर दिलात तर पुढच्या वेळी डिस्काउंट मागायला जागा होते.

आणि ड्रिंक्स?

मागची पडवी. चौकात तुळशीसमोर नाही. दारू पिण्याचं परमिट आणि वयाची अट (हार्ड लिकरला २५ वर्षं) ही सरकारची आहे, पडवीची अट सासूबाईंची आहे आणि दोन्हीत जास्त कडक कोणती हे तुम्हाला आल्यावर कळेल. बाटल्या विहिरीच्या कठड्यावर ठेवू नका.

साउंड सिस्टीम, डीजे?

छोटा स्पीकर आणा, रात्री दहाला बंद. दहा ते सहा हा नियम ध्वनी प्रदूषण कायद्यातला आहे, पण खरं कारण सांगू का, शेजारी सगळे शेतकरी, पहाटे उठून फवारणीला जाणारे. त्यांनी तुमच्या गाण्याबद्दल तक्रार केली नाही तर तुम्हीही सकाळी सहाच्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरबद्दल करू नका. गावात हरिनाम सप्ताह असेल त्या आठवड्यात स्पीकर अजिबात नाही, टाळ-मृदंगाला या की, बसायला सतरंजी मिळते.

माडीवर नाचलं तर चालतं का?

नाही. हे मी हसत नाही लिहीत. माडीची जमीन म्हणजे खाली सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर माती. झोपायला, बसायला, चालायला ती शंभर वर्षांहून जास्त टिकलीय, पण वीस माणसं एका तालात उड्या मारायला लागली की तुळई लवते आणि खाली माजघरात कडीपाटातून माती गळते. जेवणाच्या पानात पडलीय एकदा. नाच चौकात, फरशीवर, हवा तेवढा.

भिंतीवर डेकोरेशन चिकटवता येईल?

टेप नाही, खिळे नाहीत. फुगे-तोरणं खांबांना सुतळीने बांधा, सुतळी मी देते. भिंतींना चुन्याचा गिलावा आहे, विरवलेल्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर असलं काय काय घालून घाण्यात मळलेला, टेप ओढली की हाताएवढा पोपडा तिच्याबरोबर येतो. असा गिलावा करणारा माणूस आता सहजी मिळत नाही. आम्ही स्वतःच एकदा शहाणपणा केला होता, ओसरीची एक भिंत एका गवंड्याच्या सांगण्यावरून सिमेंटने करून घेतली, "एकदम पक्की होईल ताई". तिसऱ्या पावसाळ्यात तीच भिंत फुगली, पांढरा क्षार फुटला, खालची दोन फूट माती पिठासारखी. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटने ती आत कोंडली. सगळं खरवडून परत चुना केला. ती भिंत बाकीच्यांपेक्षा थोडी उजळ दिसते, आल्यावर बघा.

वयस्कर माणसं आणि लहान मुलं येणार आहेत, सेफ आहे का?

तीन गोष्टी. उंबरठे उंच आहेत, वीतभर, आणि दारं ठेंगणी, म्हणजे पाय उचला आणि मान वाकवा दोन्ही एकदम करायचंय. पाच फूट चारच्या वरचा प्रत्येक माणूस पहिल्या तासात एकदा कपाळ आपटतो, आम्ही चौकटीच्या वरच्या पट्टीला गोधडी गुंडाळलीय तरी आपटतो. दुसरं, माडीचा जिना लाकडी आणि उभा आहे, उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून उतरा, शिडी उतरतो तसं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर जाऊच नये. तिसरं, विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप आहे. रहाट दाखवायचा असेल तर आमचा माणूस उघडून देईल, तो तिथे उभा असेल तेव्हाच.

बिबट्या येतो का हो? खरं सांगा.

खरं सांगते, परिसरात आहे. नाशिक जिल्ह्यात ऊस म्हटला की बिबट्या आला, उसातच मादी पिल्लं घालते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहितीये. वाड्याच्या आत आजवर आलेला नाही, भिंती उंच आहेत आणि साडेसातला दिंडी दरवाजा लावून अडसर टाकतो. तुम्ही एवढंच करा: अंधार पडला की पोरांना बांधावर एकटं सोडू नका, शेतात वाकून किंवा उकिडवं बसू नका, चालताना बॅटरी लावा आणि मोठ्याने बोला. कुत्रा आणणार असाल तर आणा, पण रात्री तो आत झोपला पाहिजे. अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला दिलेलं जेवणाचं आवतण.

सापांचं पण सांगून टाकते. सकाळी बूट झटकून घाला, रात्री मागे जाताना चप्पल आणि बॅटरी. बस. घाबरण्यासारखं त्याहून काही नाही.

वाड्यात भूत आहे का?

दर ग्रुपमध्ये एक जण विचारतोच, बहुतेक करून जेवणानंतर, आवाज बारीक करून. रात्री अकरा-बाराच्या सुमाराला वरून कडकड असा आवाज येतो, दिवसभर तापलेलं लाकूड थंड होऊन आकसतं त्याचा. पहाटे कोणीतरी घशातून खरखर श्वास ओढल्यासारखा आवाज येतो, ते गव्हाणी घुबड, पोटमाळ्यावर राहतं, पांढरं तोंड, बदामासारखं. आम्ही त्याला हाकलत नाही कारण ते आहे तोवर उंदीर नाहीत. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते माझ्या समोरून चौकातून उडत गेलं, एवढं पांढरं आणि पंखांचा जरासुद्धा आवाज नाही. मी जी किंचाळले, शेजारच्या आळीतले लोक काठ्या घेऊन आले. अजून लग्नकार्यात सांगतात.

द्राक्षं तोडून खाल्ली तर चालतील?

आमच्या मागच्या बारक्या बागेतली, विचारून, हो. शेजारच्यांची अजिबात नाही. एक्स्पोर्टचा माल असतो, घड न् घड मोजलेला, काहींवर कागद लावलेले, आणि फवारणी कधी झालीय ते तुम्हाला माहीत नसतं, तोंडात टाकायला ते बरंही नाही. हंगाम जानेवारी ते मार्च-एप्रिल. ऑक्टोबरमध्ये येऊन "द्राक्षं कुठेत" म्हणून रुसू नका, तेव्हा छाटणी चालू असते, नुसत्या काड्या दिसतात.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका, आमच्या शेजारच्या निफाडला पारा पाचच्या खाली जातो कधीकधी, आणि उघड्या चौकाचं घर आहे, स्वेटर, कानटोपी आणाच. पावसाळ्यात ओसरीवर बसून पन्हळीतून पडणाऱ्या धारा बघणं हा एक वेगळाच प्रकार आहे, पण कपडे वाळत नाहीत. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात, म्हणजे २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरला मुख्य स्नानं आहेत तेव्हा, नाशिक आणि त्र्यंबकला रस्ते कधी कुठे वळवतील सांगता येत नाही. फक्त मजा करायला यायचं असेल तर ते दोन महिने सोडा.

आजूबाजूला काय बघायचं? दोन दिवसात त्र्यंबक, गड, पंचवटी, वायनरी, पांडवलेणी सगळं होईल ना?

दोघं असाल तर होईल. पंचवीस असाल तर नाही. पंचवीस माणसं गाडीत बसायला चाळीस मिनिटं घेतात, मग एकाला परत जायचं असतं. दिवसाला एक ठिकाण धरा.

सप्तशृंगी गड आमच्या बाजूलाच पडतो, वणीमार्गे. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत, आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली (दोराने ओढली जाणारी, रुळांवरची) आहे त्यामुळे गुडघेवाल्यांची पण सोय. चैत्रातल्या यात्रेत आणि नवरात्रात खाजगी गाड्या खाली नांदुरीलाच थांबवतात, पुढे एसटी. पोरं दमवायची असतील तर रामशेज, चढायला पाऊण तास, आणि चढता चढता त्यांना सांगा की एवढ्याशा या किल्ल्याने संभाजी महाराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेला पाच-सहा वर्षं दाद दिली नव्हती. खालून बघितलात तर विश्वास बसत नाही, म्हणून वर जाऊन बघायचं. पक्षी बघणारे कोणी असतील तर थंडीत नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर साईट (जागतिक महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा), पण भल्या पहाटे निघावं लागतं आणि ग्रुपमधले चारच येतात, त्या चौघांना येऊ द्या. त्र्यंबकेश्वर नाशिकच्या पलीकडे तीसेक किलोमीटर, सोमवारी आणि श्रावणात दर्शनाची रांग बघून ठरवा.

भाडं किती? आणि पैसे वाटून कसे घ्यायचे?

वीस जणांपर्यंत पूर्ण वाडा एका रात्रीचे २६,००० रुपये, त्यापुढे माणशी ९००. पाच वर्षांखालचे फुकट. निम्मे अॅडव्हान्स. जेवण वेगळं. एक-दोन खोल्या सुट्या देत नाही, एका वेळी एकच ग्रुप.

वाटणीत मी पडत नाही पण इतके ग्रुप बघितलेत म्हणून सांगते: पैसे यायच्या आधी गोळा करा. "आल्यावर देतो", मग "निघताना बघू" आणि मग "घरी गेल्यावर जीपे करतो", या तीन पायऱ्यांवरून मैत्री घरंगळत जाते. एकटे येणारे म्हणतात आम्ही गादीवर झोपलो आम्हाला कमी लावा, जोडप्यांना खोली मिळाली. बरोबर आहे त्यांचं. माणशी शंभर-दोनशेचा फरक ठेवा आणि विषय मिटवा.

नाशिकमधले नातेवाईक फक्त जेवायला आले तर?

येऊ देत, दुपारी, दहा जणांपर्यंत. आधी आकडा सांगा. आयत्या वेळी "आत्या येतायत" म्हटलात आणि आत्यांबरोबर सात जण आले तर भाकऱ्या थापणारे हात दोघींचेच आहेत.

नेटवर्क, वायफाय?

वायफाय ओसरीवर आणि देवडीत. आतल्या भिंतींतून काही जात नाही. मीटिंग असेल त्याने माडीच्या पूर्वेच्या खिडकीत बसा, तिथे चार कांड्या येतात, मागे कोंबडा आरवला तर तो आमचा नाही.

स्विमिंग पूल? टीव्ही?

नाही. नाही.

ओळखपत्र कोणाकोणाचं लागेल?

सगळ्या मोठ्यांचं, आधारची कॉपी चालते. परदेशी पासपोर्टवाला कोणी असेल तर आधी कळवा, त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते.

चेक-इन, चेक-आउट?

दुपारी बारा, सकाळी दहा. निघताना भांडी घासायची नाहीत, गाद्यांच्या वळकट्या केल्यात तर गडी दुवा देईल.

आमचं काही विसरलं तर?

देवडीत एक पत्र्याची ट्रंक आहे, राहिलेलं सगळं तिच्यात जातं आणि मी फोटो काढून बुकिंग करणाऱ्याला पाठवते. कुरिअरचा खर्च तुमचा. आत्ता तिच्यात सात चार्जर आहेत, डाव्या पायाची एक कोल्हापुरी, एक ब्लाऊजपीस आणि अर्धा पत्त्यांचा कॅट. मागच्या दिवाळीनंतर न्हाणीघराच्या कोनाड्यात एक कवळी सापडली होती, वाटीत पाणी घालून नीट ठेवलेली. फोटो टाकला तर त्या ग्रुपमधल्या चौघांनी कळवलं की आमच्या बाबांची नाही. तिसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला, ते काय बोलतायत ते मला एक अक्षर कळलं नाही, पण पत्ता काय तेवढा मेसेज करा म्हटलं, लगेच पाठवते.